पंडिता रमाबाई आणि चर्चचा उंबरठा

गेल्या वर्षी एम. ए.च्या वर्गात एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांचे गद्य शिकवीत असताना वसईकडच्या एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "मॅडम, बाईंना बिशपचं ऐकायचं नव्हतं, त्रैक्य पटत नव्हतं, मग त्या ख्रिस्ती राहिल्या तरी कशाला?" वर्गात थोडा हशा झाला. ती मात्र हसली नाही. तास संपल्यावर ती स्टाफरूमबाहेर थांबली होती. गेले काही महिने ती मिस्साला जात नव्हती. घरी आई बोलत नव्हती आणि आजी रोज रात्री तिच्या नावाने जपमाळ ओढत होती. चर्चमध्ये बायकांनी काय करावे आणि काय करू नये हे ठरविण्याचा अधिकार फक्त पुरुषांना का, हा तिचा साधा प्रश्न होता. "श्रद्धा गेली असती तर सोपं होतं," असे ती म्हणाली. तिला काय सांगावे ते मला सुचले नाही. ग्रंथालयात रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचे एक जाड पुस्तक आहे, ते वाच, एवढेच सांगून मी पुढच्या तासाला गेले. नंतर ते पुस्तक मीच पुन्हा वाचायला घेतले.

आपल्याकडची रमाबाईंविषयीची चर्चा बहुधा २९ सप्टेंबर १८८३ या तारखेपाशी येऊन थांबते. त्या दिवशी इंग्लंडातील वाँटेज या गावी त्यांनी दोन वर्षांच्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तो का घेतला, कोणी घ्यायला लावला, आणि घेतला नसता तर महाराष्ट्राचे काय झाले असते, यावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लिहिले जात आहे. परंतु धर्मांतर म्हणजे एका घरातून निघून दुसऱ्या घरात पोहोचणे आणि तिथे गोष्ट संपणे, असे आपण का मानतो? बाई त्या दुसऱ्या घराच्या उंबरठ्यावर पुढे कित्येक वर्षे भांडत उभ्या होत्या. त्या भांडणाची कथा मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही. माझ्या मते रमाबाईंच्या बुद्धीचे खरे तेज तिथे दिसते.

पहिले घर सोडून येताना काय काय मागे टाकले होते, त्याची थोडी आठवण करणे भाग आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, त्यापायी स्वजातीयांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. त्यांना संस्कृत शिकविले ते आईने. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. सारी व्रतेवैकल्ये यथासांग करूनही दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी दास या ब्राह्मो विचारांच्या, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत त्या विधवा झाल्या. मग पुणे, आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति', हंटर आयोगापुढील साक्ष. पुस्तकाच्या उत्पन्नातून बोटीचे भाडे उभे करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या त्या वैद्यकी शिकायला. कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग पुढे बंद झाला.

वाँटेजला त्या उतरल्या ते कुमारी मरियेच्या नावाने चालणाऱ्या भगिनीसंघात. हा अँग्लिकन पंथाचा, आणि त्यातही विधी, पोशाख व पुरोहिताचा अधिकार यांना फार महत्त्व देणाऱ्या शाखेचा मठ. या संघाचे पुण्यात पंचहौद येथे काम होते. तिथे जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि त्याच्या मोबदल्यात राहावे, असा व्यवहार ठरला. (हेच ते पंचहौद. १८९० मध्ये तिथल्या चहाने रानडे आणि टिळक या दोघांनाही ग्रामण्यात ओढले.) बाईंसोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. आपल्याला बळेच बाटवतील या भयाने तिचे मन ढळले आणि तिने विष घेऊन जीव दिला. या आघातानंतर थोड्याच काळात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आघात आणि बाप्तिस्मा यांचा कार्यकारणसंबंध अनेकांनी जोडला आहे. मला तो तितका सरळ वाटत नाही. बाईंच्या मनावर त्याआधीच नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचा प्रभाव होता. हे गोऱ्हे काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री. ते १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे अँग्लिकन पाद्री बनले. शास्त्रार्थाची भाषा जाणणाऱ्या माणसाने शास्त्रार्थानेच पटवले होते. आणि शास्त्रार्थाने पटलेल्या गोष्टीवर पुढेही शास्त्रार्थ होतच राहणार, हे मठातल्या भगिनींच्या ध्यानात आले नव्हते.

पहिली ठिणगी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवरून पडली. बाई मांस, मासे, अंडी खात नसत. ज्या गोड पदार्थात अंडे आहे तोही नको म्हणत. बाईंची धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डिन यांना हा जातीचा अहंकार अजून न सुटल्याचा पुरावा वाटला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही, मग संस्कृत का नको, असे बाईंनी विचारले. जेराल्डिनबाईंच्या दृष्टीने लॅटिन ही चर्चची भाषा होती आणि संस्कृत मूर्तिपूजकांची. रमाबाईंच्या दृष्टीने दोन्ही जुन्या भाषा होत्या, त्यांतली एक आपली. आपण ख्रिस्ती झालो म्हणून हिंदी असण्याचे सोडलेले नाही, पूर्वजांच्या चालीरीती शक्य तेवढ्या पाळणार, असे त्यांनी स्पष्टच कळविले.

दुसरी ठिणगी मात्र क्षुल्लक नव्हती. १८८४ च्या आरंभी बाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. प्राचार्या डोरोथिया बील यांना बाईंच्या बुद्धीचे कौतुक होते. हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या तरुण पुरुषांनाही बाईंनी शिकवावे, असा विचार निघाला. लाहोर आणि मुंबई येथील बिशपांचा सल्ला घेतला गेला आणि दोघांनीही विरोध केला. विरोधाचे कारण पाहण्यासारखे आहे. पुरुषांना शिकविल्याचे कळले तर हिंदुस्थानातील लोकांत बाईंचा मान राहणार नाही, असे या धर्मगुरूंचे म्हणणे होते! म्हणजे हिंदू समाजाची लाज राखण्याचे काम आता अँग्लिकन बिशपांकडे आले होते. बाईंनी मिस बील यांना उत्तर लिहिले. आपल्या आईने आणि आपण तरुणांना शिकविले, त्याला ना वडिलांनी आक्षेप घेतला ना पतीने, मग या इंग्रज मंडळींना तो का असावा, याचे त्यांना नवल वाटले. पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची आपली तयारी नाही, असेही त्यांनी जेराल्डिनबाईंना सुनावले.

यानंतर भांडण शिष्टाचारावरून सिद्धांतावर गेले, आणि ते अपरिहार्यच होते. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार अँग्लिकन प्रार्थनाग्रंथात आहे. त्रैक्याचा सिद्धांत जसाच्या तसा न मानणाऱ्याचा कायमचा नाश होईल, असे त्यात बजावलेले आहे. रमाबाईंना तो मान्य नव्हता. एका ईश्वराची ओढ त्यांना ब्राह्मो दिवसांपासून होती. ज्या त्रैक्याचा स्पष्ट शब्दांत उल्लेख बायबलात आपल्याला आढळत नाही, ते तारणाची अट कसे होऊ शकते, असा त्यांचा प्रश्न होता. कुमारी मातेच्या पोटी झालेल्या जन्माविषयीही त्यांना शंका होत्या. हिंदुस्थानातून गोऱ्ह्यांची समजावणारी पत्रे येत, मिस बील सौम्यपणे बोलत, जेराल्डिनबाई गर्वाचा दोष लावीत. बाप्तिस्मा घेतला तेव्हा हे सारे मान्य करूनच घेतला ना, मग आता मागे कशा सरता, हा जेराल्डिनबाईंचा मुद्दा होता. तो अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. संस्थेत प्रवेश करताना जे वचन दिले त्याचे काय, हा प्रश्न कोणत्याही संस्थेला विचारता येतो.

त्यावर रमाबाईंनी दिलेले उत्तर माझ्या मते या सगळ्या पत्रव्यवहाराचे मर्म आहे. बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या नावाने घेतला, इंग्लंडच्या चर्चच्या नावाने नव्हे. मी ख्रिस्ताच्या वैश्विक मंडळीची सभासद आहे आणि इंग्लंडचे चर्च हा तिचा एक भाग आहे, मालक नव्हे. अशी ही भूमिका आहे. म्हणजे 'राहू की जाऊ' या प्रश्नाचीच त्यांनी उलटतपासणी केली. जायचे असेल तर कोणाच्या घरातून? हे घर तुमचे आहे असे तुम्हाला सांगितले कोणी? ब्राह्मणधर्मावर हाच तर त्यांचा मूळ आक्षेप होता. केशवचंद्र सेन यांनी कलकत्त्यात हाती दिलेला वेद स्त्रीने वाचायचा नसतो, असे सांगणारी माणसे म्हणजे वेद नव्हेत, हे त्यांना त्याच वेळी कळून चुकले होते.

याच सुमारास, १८८५ साली, इकडे पुण्यात जोतीराव फुले 'सत्सार'च्या अंकांतून रमाबाईंच्या धर्मांतराचा कैवार घेत होते. ज्ञान मिळाल्यावर बाईंनी ब्राह्मणी धर्माचा त्याग केला, यात त्यांना मोठे धैर्य दिसत होते, आणि ते होतेच. परंतु त्याच महिन्यांत चेल्टनहॅममधल्या एका खोलीत बसून ही बाई दुसऱ्या पुरोहितशाहीशी पत्राचा एकेक कागद खर्ची घालून झुंजत होती. पुण्यातल्या निंदकांच्या लेखी त्या चर्चच्या हातातले बाहुले होत्या. चर्चच्या लेखी त्या हट्टी, अर्ध्याकच्च्या ख्रिस्ती होत्या. या दोन्ही समजुती एकाच टपालाने समुद्र ओलांडत असतील.

हे सर्व त्या कोणत्या परिस्थितीत लिहीत होत्या, हे विसरून ही पत्रे वाचली तर ती नुसती तर्काची कसरत वाटतात. वय सत्तावीस. आईवडील, भाऊ, पती नाहीत. मायदेशी परतायचे तर जात नाही, माहेर नाही, सासर नाही. डोक्यावरचे छप्पर आणि पुढ्यातले ताट ज्यांच्याशी वाद चालू आहे त्यांचेच. आणि मनोरमा वाँटेजला, मठाच्या ताब्यात. मुलीला धर्मशिक्षण कोणते द्यायचे यावरून जो वाद झाला, तो वाचताना बाईंचा आवाज प्रथमच कापरा होतो. स्वतःपुरते त्या काहीही सोसायला तयार होत्या, परंतु जे आपल्याला पटत नाही ते मुलीच्या ओठांवर बसावे हे त्यांना सहन होईना. मतभेद असतील तर बाहेर पडावे, असा सल्ला देणाऱ्यांनी ही पत्रे वाचावीत. बाहेर पडण्यासाठी बाहेर कुठेतरी जागा असावी लागते.

ती जागा त्यांना अमेरिकेने दिली. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी डीन रेचल बॉडली यांचे निमंत्रण आले. चेल्टनहॅमच्या स्नेह्यांना ते फारसे रुचले नसतानाही बाई १८८६ च्या फेब्रुवारीत मनोरमेला घेऊन निघाल्या. परत आल्या त्या तीन वर्षांनी. दरम्यान उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, व्याख्याने झाली आणि बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली. ही असोसिएशन कोणत्याही एका पंथाची नव्हती आणि तीच गोष्ट बाईंना हवी होती. अमेरिकेत राज्याशी न जोडलेली, एकमेकांशेजारी नांदणारी अनेक चर्चे त्यांनी पाहिली आणि त्याविषयी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या १८८९ च्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले. त्या पुस्तकातले धर्मपंथांवरचे प्रकरण वाँटेजच्या पत्रांशेजारी ठेवून वाचले तर त्याला निराळाच अर्थ येतो.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. तिथल्या विधवांनी आपापले सोवळेओवळे पाळावे, त्यांना धर्मोपदेश करायचा नाही, असा नियम होता. मिशनऱ्यांच्या मते ही धर्माशी प्रतारणा होती. बाई मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. 'केसरी'च्या मते ही धर्मांतराची छुपी शाळा होती. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लांबवीत नाही. एक आठवण मात्र नोंदवावीशी वाटते. याच रानड्यांनी आदल्याच वर्षी पंचहौदच्या चहाबद्दल, स्वतःला त्यात पाप वाटत नसताना, मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतले होते. मूल्ये न जुळणाऱ्या घरात राहण्याचा तोही एक मार्ग होता. त्या प्रायश्चित्ताची थट्टा करणारे पुष्कळ होते. वाँटेजची पत्रे वाचल्यापासून मला ती थट्टा करवत नाही. तरीही रानड्यांपाशी घर होते, नोकरी होती, गोत होते, आणि मान झुकवूनही ती ताठ आहे असे सांगणारे मित्र होते. रमाबाईंनी मान झुकवली असती तर ती पुन्हा वर करायला हात देणारे कोणी नव्हते.

मराठी ख्रिस्ती जगात दुसरे उदाहरण आठवते ते रेव्हरंड टिळकांचे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ राबले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला. टिळकांनी पगार सोडला, ख्रिस्त सोडला नाही. त्यानंतर ते दोनच वर्षे जगले. त्या निर्णयाचा संसारावर पडलेला भार कोणी पेलला, हे लक्ष्मीबाईंचे लेखन वाचणाऱ्यांना सांगायला नको. टिळक पन्नाशी उलटल्यावर जिथे पोहोचले, तिथे रमाबाई सत्ताविसाव्या वर्षीच, परक्या देशात, पदरी लहान मूल असताना उभ्या होत्या.

एवढे लिहून थांबलो तर ते बाईंचे स्तोत्र होईल. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता याची जाणीव झाली, असे त्यांनी पुढे आत्मनिवेदनात लिहिले आहे. शंका घेणारी तरुणी मागे पडली आणि उत्कट भक्तिमार्गी स्त्री पुढे आली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली वाचवून केडगावला आणल्या. तिथे उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात शारदा सदनातली तटस्थता उरली नाही. मुलींचे बाप्तिस्मे मोठ्या संख्येने झाले आणि १९०५ मध्ये तिथे धर्मजागृतीची प्रचंड लाट आली. कोणत्याही बिशपच्या हाताखाली नसलेले हे चर्च बाईंचे स्वतःचे होते. पण पोटाला अन्न, अंगाला वस्त्र आणि राहायला छप्पर ज्या हातांनी दिले, त्याच हातांत तिथला धर्मही होता. केडगावच्या एखाद्या मुलीला 'आई, हे मला पटत नाही' म्हणावेसे वाटले असते, तर तिची स्थिती वाँटेजच्या पाहुणीपेक्षा फार निराळी असती का? बाईंवर प्रेम करणाऱ्यांना हा प्रश्न आवडत नाही. मलाही आवडत नाही. परंतु तो रमाबाईंनीच आपल्याला विचारायला शिकवला आहे.

अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून संस्कृत शब्द टाळायचे, असा या संस्कृत पंडितेचा कटाक्ष होता. क्रुसावर संस्कृत मागणारी तरुणी आणि बायबलातून संस्कृत काढून टाकणारी वृद्धा यांत काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. दोन्ही वेळी त्यांच्या मनात आपल्या देशातल्या बायकाच होत्या. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. भाषांतराचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या.

ज्या पत्रांवर हे सारे आधारले आहे ती जपली, जमवली, नकलून ठेवली ती सिस्टर जेराल्डिन यांनी. ज्या बाईला त्यांनी गर्विष्ठ म्हटले, जिच्या प्रत्येक युक्तिवादाला खोडून काढण्याचा यत्न केला, तिची पत्रे त्यांनी फाडली नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्ध केली. आमच्या महाविद्यालयातली प्रत त्या विद्यार्थिनीने दिवाळीच्या सुट्टीआधी नेली. ग्रंथपालांनी दोनदा स्मरणपत्र पाठवले. परवा ती जिन्यात भेटली, तेव्हा पुस्तक अजून संपले नाही म्हणाली. रमाबाईंची पत्रे तिने भरभर वाचून काढली होती. जेराल्डिनबाईंपाशी अडली होती. "रागावतात, टोचून बोलतात, आणि शेवटी लिहितात, तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते," ती म्हणाली. "आमच्या आजीचीच पत्रं आहेत ती, मॅडम."